निळ्या फितीच्या वेली

मास-विएल,
एप्रिलचा तिसरा आठवडा

आदरणीय आणि लाडक्या सोलांज आत्या,

द्राक्षाची एखादी जात फारशी कोणालाच नको असेल, तर ती जगवायची कशासाठी? हा प्रश्न बाबांनी मला जानेवारीत जेवणाच्या टेबलावर विचारला. आता एप्रिल निम्म्यावर सरला, तरी मला त्याचं उत्तर देता आलेलं नाही. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, तुलूझला राहून द्राक्षशेतीची इंजिनियर होऊन आले, या विषयावर लोकांसमोर उभी राहून बोललेसुद्धा. पण सूप पीत बसलेल्या बापाने सरळ विचारलं तेव्हा चमच्याकडे बघत बसले. तुला उत्तर येत असेल तर जरूर कळव. येत नसेल तरी पुढे वाच, कारण हे पत्र उत्तरासाठी नाही.

तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा रक्तदाब? (मीठ कमी केलं का त्यांनी, की डॉक्टरच बदलला?) इकडे सगळे ठीक. बाबांची पाठ दुखते, पण छाटणीच्या दिवसांत सगळ्यांचीच दुखते, त्यामुळे त्यांना तक्रार करायला जागा उरत नाही. ओतां, आपला तो डोकं फिरवणारा वारा, चार दिवस सुटला होता. कोंबड्यांनी अंडी घालणं सोडलं, आणि शेजारच्या फिर्मांकाकांनी त्यांच्या भावाशी पुन्हा बोलणं सोडलं. वारा पडल्यावर कोंबड्या तरी सुरळीत झाल्या. आईची तब्येत उत्तम आहे. ती माझ्याशी सध्या कामापुरतंच बोलते. त्याचं कारण फ्रिज हे आहे. ते पुढे येईलच. फोन करायचा सोडून पत्र का लिहितेय असं तुला वाटेल. फोन नेहमी आतोबा उचलतात, आपल्याकडे पाऊस पडला का ते विचारतात, बोर्दोला किती पडला ते सांगतात आणि ठेवून देतात. मला जे सांगायचंय ते पावसाच्या आधी किंवा नंतर बसण्यासारखं नाही.

विषय आपल्या माळावरच्या ‘लेन दे लेल’चा आहे. तू त्या वेलींतच लहानाची मोठी झालीस, तुला सांगायला नको. पण हे पत्र आतोबांना वाचून दाखवावं लागलं तर त्यांच्यासाठी लिहून ठेवते. (बोर्दोच्या माणसाला गायाकच्या पांढऱ्या द्राक्षाचं नाव माहीत नसणं हा काही गुन्हा नाही, असं बाबा म्हणतात. ज्या सुरात म्हणतात त्यावरून तो गुन्हाच असावा.) नावाचा अर्थ ‘डोळ्यापासून लांब’. काडीवरच्या ज्या डोळ्यातून फूट निघते, त्याच्यापासून या द्राक्षाचा घड लांबलचक देठावर दूर लोंबकळत असतो, घरच्यांशी भांडून अंगणाच्या टोकाला जाऊन बसल्यासारखा. गुण सांगायचे तर उशिरा तोडून, वाऱ्यावर सुकवून तिची गोड वाईन केली की पिकल्या नासपतीचा आणि मधाचा वास येतो. अवगुण सांगायचे तर दोन पानं लागतील. मुख्य म्हणजे आंबटपणा कमी, आणि सप्टेंबरात पाऊस झाला की घड सडतो. म्हणून एकेक शेतकरी ती काढून सोव्हिन्यों लावतोय. सोव्हिन्योंला दुकानात लोक नावाने हाक मारतात.

पण आत्या, पणजोबांनी लावलेल्या त्या माळावर सगळ्या वेली सारख्या नाहीत. रोपवाटिकेतून आणलेली आजची लेन दे लेल म्हणजे एकाच वेलीच्या हजार नकला. मणी एकमेकांना चिकटून, मध्ये हवा नाही, मग सडणारच. आपल्या जुन्या वेली मात्र ज्याने त्याने इकडून तिकडून आणलेल्या काड्यांच्या. त्यांत काही अशा आहेत की घड सैल, मणी सुटे, मधून वारा आरपार जातो. तीन वर्षं मी दर पावसानंतर छत्री घेऊन माळावर फिरले (गावात याची चर्चा झाली, पाद्रीबाबांनी आईला हळूच विचारलं की पोरीचं लग्न कुठे फिसकटलं का) आणि शेजारची वेल सडली असताना जी कोरडी ठणठणीत उभी होती, ती हेरून ठेवली. विचार असा की हिवाळ्यात फक्त त्याच वेलींच्या काड्या घ्यायच्या, कलमं करायची आणि न सडणारी बाग उभी करायची. हिवाळ्यात पान नसतं, घड नसतो, सगळ्या वेली सारख्याच वाळक्या दिसतात. म्हणून खूण सप्टेंबरातच करून ठेवावी लागते. मी निळी फीत आणली आणि माझ्या निवडक वेलींना एकेक गाठ मारली. नीट, दोन पदरी, वाऱ्याने सुटू नये अशी.

त्याच महिन्यात गावाची सामुदायिक फेरी झाली. हेही आतोबांसाठी: आमच्याकडे सोनपिवळ्या रोगाची साथ आहे, एक छोटा तुडतुडा तो पसरवतो. त्यामुळे दर वर्षी द्राक्षं तोडायच्या आधी सगळं गाव एका दिवशी ओळीने बागांमधून चालतं, पिवळी पडलेली वेल दिसली की तिला फीत बांधतं, आणि वसंत यायच्या आत ती वेल मालकाने मुळापासून उपटायचीच, असा कायदा आहे. तेव्हाची फीत गुलाबी होती. दर वर्षी रंग बदलतो, कारण हार्डवेअरवाला जे रीळ उरलेलं असेल ते देतो. दुपारी सगळे एकत्र जेवायला बसले, तेव्हा मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी जरा जास्त बोलले. मी म्हटलं, या रोगाची खरी भीती अशी की लागण झालेली वेल वर्षभर अगदी टवटवीत दिसू शकते. वरून निरोगी दिसणाऱ्या वेलीवर आंधळा विश्वास ठेवू नका. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. “म्हणजे आपल्या महापौरासारखी,” फिर्मांकाका म्हणाले, आणि महापौर समोरच बसले होते, त्यांनीही मान हलवली. बाबा माझ्याकडे असं बघत होते की मला वाटलं, शिक्षणाचं सार्थक झालं.

जानेवारीत मला मोंपेलिएला बोलावलं होतं. विषय होता ‘जुन्या जाती वाचवायला हव्यात’. मी आपल्या माळाची चित्रं दाखवली, निळ्या फितीही दाखवल्या, टाळ्या मिळाल्या. मी तिकडे टाळ्या घेत होते, तेव्हा इकडे बाबा आणि फिर्मांकाका ट्रॅक्टरला साखळी बांधून फिती बांधलेल्या वेली उपटत होते. मुलगी घरी नाही, आल्यावर तिला हे घाणेरडं काम करावं लागू नये, म्हणून. हे सगळं प्रेमाने केलेलं आहे, आत्या, हे मी आधीच लिहून ठेवते. कारण पुढचं वाचून तुला तुझ्या धाकट्या भावाचा राग येईल, आणि तो मला पुरेसा येऊन गेलाय.

मी रविवारी परतले, तर अंगणात जाळ पेटलेला. द्राक्षाच्या खोडावर भाजलेल्या सॉसेजचा आणि बदकाच्या छातीचा वास तुला माहीतच आहे. मी बॅग हातात घेऊनच जाऊन बसले. फिर्मांकाका सहकुटुंब आलेले. बाबांनी स्वतःच्या हाताने मला वाढलं, आणि मग कधी नव्हे ते आपण होऊन बोलले. “सगळ्या काढल्या,” ते म्हणाले. “गुलाबी आणि निळ्या.”

“निळ्या?” मी म्हटलं.

“गुलाबी पहिल्या फेरीच्या, निळ्या दुसऱ्या फेरीच्या. तेवढं कळतं आम्हाला.”

“बाबा, निळ्या मी बांधल्या होत्या. त्यांच्यावर एक तरी पिवळं पान होतं का?”

“एकसुद्धा नव्हतं,” बाबा म्हणाले. “म्हणून तर जास्त घाबरलो. तूच सांगितलं होतंस ना, वरून बरी दिसते तिच्यापासून जपा म्हणून.”

“खोटं कशाला बोलू, इंजिनियरीणबाई,” फिर्मांकाका तोंडातला घास बाजूला सारत म्हणाले, “इतकी तब्येतीत असलेली आजारी वेल मी जन्मात उपटली नव्हती. गुलाबीवाल्या हात लावताच आल्या. तुझ्या निळ्यांनी ट्रॅक्टर मागे ओढला.”

मी सॉसेज खाऊन संपवलं. दुसरं काय करणार होते? (चवीला फार चांगलं होतं, तेही लिहून ठेवते. तीन वर्षांची निवड होती ती.) मग मी सांगितलं की निळी फीत कशासाठी होती. फिर्मांकाकांनी डोक्यावरची टोपी काढली, जशी मयताच्या घरी काढतात तशी, आणि त्यांच्या बायकोने हळूच जाळात घालायला घेतलेलं खोड परत खाली ठेवलं.

संध्याकाळी सूप पिताना बाबांनी तो प्रश्न विचारला. टोमणा म्हणून नव्हे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. “सडत नाही ती सडत नाही, ठीक आहे,” ते म्हणाले, “पण मुळात कोणाला हवी आहे ती? मागच्या वर्षीची अजून टाकीत आहे.” आई म्हणाली, आधी सूप प्या दोघं, गार होतंय. मी सूप संपवलं. पण सकाळी मी ढिगाऱ्याजवळ गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की खोडं उपटली असली, तरी त्यांच्यावरच्या काड्या आतून अजून हिरव्याच आहेत. थंडीत झोपलेल्या वेलीला आपण मेलोय हे लगेच कळत नाही. मी निळी फीत शोधून शोधून काड्या कापायला लागले. काही जळून गेल्या होत्या, पण बऱ्याच वाचल्या होत्या. थोड्या वेळाने बाबा आले, त्यांनी खिशातून कात्री काढली आणि पलीकडच्या बाजूने सुरुवात केली. आम्ही दोघं दुपारपर्यंत कापत होतो, एक शब्द न बोलता. तुमच्या घराण्यात यालाच माफी मागणं म्हणतात, असं आई सांगते.

आता फ्रिज. काड्यांमधून रोग येऊ नये म्हणून त्या ठरावीक वेळ गरम पाण्यात बुडवून ठेवाव्या लागतात. पाणी जास्त तापलं तर डोळे मरतात, कमी तापलं तर रोग जगतो. त्यासाठी मी आईचं बदकाच्या मांसाच्या बरण्या उकळायचं मोठं भांडं घेतलं. विचारून घेतलं असतं तर बरं झालं असतं. नंतर काड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या, म्हणजे वसंतापर्यंत झोपून राहतील. एवढ्या काड्या म्हटल्यावर भाजीचा कप्पा पुरला नाही, मग चीजचा घेतला, मग बाटल्यांचा. ईस्टरला आईने मटणाची तंगडी ठेवायला दार उघडलं, परत लावलं आणि तंगडी घेऊन फिर्मांकाकांच्या घरी गेली. तेव्हापासून आपलं मटण त्यांच्याकडे राहतं, आणि तिथे फिर्मांकाकांचा भाऊ ते खातो अशी बातमी आहे.

मी रोपवाटिकेत विचारलं. तिथले गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, यंदाच्या कलमांची यादी भरली, पुढच्या वर्षी या. मी म्हटलं, काड्या पुढच्या वर्षापर्यंत जगत नाहीत. ते म्हणाले, मग पुढच्या वर्षी नव्या काड्या आणा. मी म्हटलं, ज्या वेलींवरून आणायच्या त्या आम्ही जेवणासाठी जाळल्या. त्यावर त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

नुसती काडी मातीत रोवली तर मुळांवरची कीड तिला खाते, म्हणजे आता एकच मार्ग उरतो: जमिनीत उभी असलेली दुसरी वेल घ्यायची, तिचं डोकं उडवायचं, आणि तिच्या बुंध्यात आपल्या काडीची पाचर बसवायची. मुळं त्या वेलीची, वरची द्राक्षं आपली. रस चढायला लागला की हे करता येतं, आणि ते दिवस थोडेच असतात. माळावर उरलेल्या वेलींची आणि आमच्या मोझाकची (तीही जुनी पांढरी जात) खोडं इतकी म्हातारी झालीत की कलम धरणार नाहीत. सोव्हिन्यों आम्हाला पोसते, तिला हात लावला तर बाबा घराबाहेर काढतील, आणि बरोबरच करतील. राहिली एकच बाग, जिची खोडं तरुण आहेत, सरळ आहेत, आणि रस्त्याच्या अगदी कडेला आहेत.

ती तुझी आहे, आत्या. वाटणीत तुझ्याकडे आलेला उताराचा तुकडा, आणि त्यातली आतोबांनी लावून घेतलेली बोर्दोची लाल मेर्लो.

मला माहीत आहे, आतोबा तिला गायाकमधली एकमेव सुसंस्कृत बाग म्हणतात. दर वर्षी छाटणीच्या सूचना पाठवतात. बाबा त्या मोठ्याने वाचून दाखवतात आणि मग नेहमीसारखी छाटणी करतात. पण तूही जाणतेस की उत्तरेकडच्या उतारावर ती मेर्लो कधी पुरती पिकलेली नाही. नाताळात आतोबांनी तिची बाटली उघडली, तेव्हा सगळ्यांनी ‘हं’ म्हटलं होतं. तूही म्हटलंस. मग ते चेस्टनट भाजायला बाहेर गेल्यावर तू आमच्या गोड पांढरीचा पेला आपल्याकडे ओढलास आणि ते येईपर्यंत सोडला नाहीस. मी चुकीचं पाहिलं असेल तर सांग. मी चुकीचं पाहिलेलं नाही.

तेव्हा विनंती अशी. तुझी परवानगी असेल, तर मेर्लोच्या निम्म्या ओळींवर, वरच्या बाजूच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या, मला ही कलमं करू दे. निम्मी मेर्लो आतोबांची राहील. एका साध्या पोस्टकार्डावर ‘हो’ एवढं लिहून पाठवलंस तरी पुरे.

तुझ्या गुडघ्याची काळजी घे. दोघांनाही माझ्या पाप्या, आतोबांना एक जास्त.

तुझी,
मायलिस

ता. क. बाबांना हे पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, “तिला विचारलंस तर ती त्याला विचारेल, आणि तो तुला पावसाबद्दल सांगेल.” तरीही मी विचारते आहे. माणसाने योग्य मार्गाने जावं असं मला शाळेपासून वाटत आलंय.

ता. क. (दुसरा, चार दिवसांनी) पत्र टाकायचं राहिलं, त्यात माझा दोष थोडाच आहे. आपल्या पोस्टातल्या बाई मुलीच्या बाळंतपणासाठी गेल्यात, आणि गायाकला जायला ट्रॅक्टर मोकळा नव्हता. दरम्यान आईने जेवणासाठी मुळे काढायला फ्रिज उघडला, तर भाजीच्या कप्प्यात एका काडीला हिरवं पान फुटलेलं. अगदी नखाएवढं. आईने मला हाक मारली, आणि महिन्याभरात पहिल्यांदा कामाव्यतिरिक्त बोलली: “ही बया आता थांबणार नाही.” मीही तेच म्हणते. काड्यांना योग्य मार्ग समजावून सांगता येत नाही. म्हणून उद्या सकाळी वरच्या निम्म्या ओळी घेणार आहोत. बाबा कलम बांधायचे राफियाचे धागे भिजवत बसलेत आणि फिर्मांकाका स्वतःची करवत धार लावून घेऊन आलेत. म्हणतात, उपटायला मीच होतो, आता बसवायलाही येतो.

ता. क. (तिसरा आणि शेवटचा) वर जिथे ‘तुझी परवानगी असेल, तर’ असं लिहिलंय, ते खोडायला हवं, पण खोडाखोड केलेलं पत्र वडीलधाऱ्यांना पाठवू नये, म्हणून तसंच ठेवते. निम्म्या ओळी झाल्या, तेव्हा निम्म्याच काड्या संपल्या होत्या. उरलेल्या परत न्याव्यात, तर फ्रिजमध्ये आईने तोवर मुळे, चीज आणि तंगडीचं उरलेलं हाड मांडून दार लावून घेतलं होतं. कलमातली थोडीफार नेहमी मरतात. जास्त लावली तरच जात टिकेल, हे शास्त्र आहे, माझी सबब नाही. (जकात खात्याला रीतसर कळवलंय. आपल्या देशात द्राक्षवेल जकातीच्या अखत्यारीत का येते, हे तिथल्या बाईंनाही सांगता आलं नाही.) पहिल्या दिवशीच्या माझ्या पाचरी वाकड्या बसल्या, बोट कापलं, बाबांनी धागा ओढून धरला आणि एकही टोमणा मारला नाही. कोणाला हवी आहे ती, हे मला अजून सांगता येत नाही. तिची वाईन निघाली की पहिली बाटली घेऊन मी स्वतः बोर्दोला येईन, आतोबांसमोर बसेन आणि ते जे बोलतील ते ऐकून घेईन. नाही आवडली, तर तो दोष माझा. बाबांचा नाही, तुझा तर मुळीच नाही. आतोबांना कधी आणि कसं सांगायचं, ते तू ठरव. किती ओळी घ्यायच्या ते मी ठरवलं. रस्त्याकडची शेवटची ओळ आज दुपारी कापली, आणि संध्याकाळच्या आत तिच्यावर कलमं बांधून झाली.